पान्ह्याआधीची भाकरी

दिवा–रोहा गाडी नागोठणं सोडून रोह्याकडे निघाली की मधे निडी लागतं. लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबत नाहीत. पावसाळ्यात रुळांच्या दोन्ही अंगांना भात, आणि भात निघालं की त्याच ओलीवर कडवे वाल. डोंगराच्या कुशीला वरकस जमीन, तिथे थोडीबहुत नाचणी-वरी, आणि त्याच उतारांवर कातकरी-ठाकरांच्या वाड्या. खाली पेणच्या बाजूला खारेपाट पसरलेला आहे. तिथे मिठागरं आहेत, खाजणं आहेत आणि खाडीची मासळी आहे. पेणचे पोहे आणि पापड मुंबईपर्यंत जातात. थंडीत भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगांची पोपटी लागते तेव्हा पाहुण्यांना मुद्दाम बोलावणं धाडलं जातं.

एवढं सगळं पिकवणाऱ्या, पकडणाऱ्या, सुकवणाऱ्या मुलखात आईच्या अंगात रक्त कमी का असावं? २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी ४५.७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. हे आकडे साऱ्या राज्याचे आहेत, आणि सरासरीत सुखवस्तू घरंही मोजली जातात. वाडीवरचं चित्र त्याहून बरं असेल, असं मानायला काही आधार नाही. पिकलेलं अन्न घरातल्या बाईच्या ताटात केव्हा आणि किती पडतं, खरी मेख तिथे आहे.

माता-पोषण आणि स्तनपान हा विषय मांडताना बहुतेक वेळा आईला उपदेश केला जातो. चांगलं खा, आराम कर, बाळाला अंगावरच पाज. उपदेश चुकीचा नसतो, पण तो एकट्या तिच्यापाशी येऊन थांबतो. तिला खायला ताट कोण वाढणार, पाजायला उसंत कोण देणार, आणि पहिल्या आठवड्यात बाळ नीट पीत नसेल तर शेजारी बसून दाखवणारं जाणतं माणूस कुठून येणार, हे विचारलं जात नाही. या लिखाणाचा सगळा रोख त्या प्रश्नांवर आहे. आईचं दूध आईच्या अंगात तयार होतं, पण त्याची तजवीज तिच्याभोवतीच्या माणसांनी करायची असते.

सुरुवात पोटातल्या बाळापासून करू. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक दीर्घ अभ्यास सुरू केला. शेतकरी घरांतल्या बायका गरोदर राहण्याआधीपासून नोंदवल्या गेल्या. त्यांचं सरासरी वजन ४२ किलोच्याही आत होतं, आणि त्यांची बाळं जन्मली सरासरी २.७ किलोच्या आसपास. त्या काय खातात, किती खातात, दिवसभर काय काम करतात, हे सगळं बारकाईने टिपलं गेलं. निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. एकूण उष्मांकांशी किंवा प्रथिनांशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध दिसला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध ज्या बायकांच्या खाण्यात वरचेवर होतं, त्यांची बाळं मात्र भरलेली होती. हा फरक सगळ्यात रोड बायकांमध्ये अधिक ठळक होता. त्याच अभ्यासातून दुसरंही कळलं. गरोदरपणात शेतातलं आणि घरातलं अंगमेहनतीचं काम ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांची बाळं लहान.

हा दुसरा निष्कर्ष पेण-रोह्याच्या माणसाने थांबून वाचावा असा आहे. इथे लावणीचे दिवस जुलैत येतात. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावायचं काम प्रामुख्याने बायकांचं. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईलाही लावणी चुकत नाही, कारण पाऊस थांबत नाही आणि मजूर मिळत नाही. ती संध्याकाळी घरी येते, चूल पेटवते, सगळ्यांना वाढते आणि उरेल ते खाते. घरातल्या कुणाच्याही मनात दुष्टावा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या पडलेली ती रीत आहे, आणि तिची किंमत अजून न जन्मलेलं मूल मोजतं.

पुण्याच्या त्या बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली गेली तेव्हा आणखी एक विलक्षण गोष्ट समोर आली. आपली बाळं वजनाने खूपच कमी होती, स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याइतकी टिकून होती. दिसायला काटकुळं, आतून चरबीचं. गर्भात झालेली उपासमार पुढे मधुमेह आणि हृदयविकाराची जमीन तयार करते, हा ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांचा सिद्धांत या मुलांच्या पुढच्या आयुष्यात तपासला गेला. चाळिशीत साखर वाढलेल्या माणसाला आपल्या दुखण्याचं मूळ आजी-आईच्या ताटात असू शकेल असं कधी वाटत नाही. शक्यता मात्र तीच आहे.

याच संशोधनात बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. ते मिळतं दूध, अंडी, मासे, मटण यांतून. शाकाहारी किंवा मांस-मासळी क्वचितच खाणाऱ्या गावांत ते कमी पडणार हे उघड आहे. किनारपट्टीजवळच्या माणसाला इथे एक जमेची बाजू आहे आणि तिची जाण त्याला असायला हवी. नागोठण्याच्या किंवा पेणच्या बाजारातला सुकट-जवळ्याचा वाटा हा गरिबाचा बी-१२, कॅल्शियम आणि प्रथिनांचा साठा आहे. तव्यावर कोरडी भाजलेली सुकट, कांदा, चिंच नि लाल मिरची घालून कुटलेली चटणी तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ली की त्यात काट्यासकट सगळं पोटात जातं. वाडीवरच्या बाईला तर रानही वाढतं. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात. ती खाजरी असतात, म्हणून त्यांत काकडाची फळं घालावी लागतात, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोळी. पहिल्या पुराबरोबर ओहोळांत चढणीचे मासे येतात, खेकडे मिळतात. शेवग्याचा पाला तर दाराशी. पुण्याच्या अभ्यासाने मौल्यवान ठरवलेलं बरंचसं अन्न इथे विकतही घ्यावं लागत नाही.

मग अडतं कुठे? काही प्रमाणात समजुतींपाशी. पालेभाजी बाधते, वाल वातूळ, मासळीने बाळाचं पोट बिघडतं, असं म्हणत अनेक घरांत बाळंतिणीला महिनाभर पेज-भातावर ठेवलं जातं. गरोदरपणी पपई बंद आणि कुठे कुठे केळंही. सगळ्यात खोल रुजलेली भीती वेगळीच आहे: जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि अडेल. ही भीती खुळचट नव्हे. ज्या काळी डोंगरावरून डोलीतून खाली उतरेपर्यंत अडलेली बाई दगावायची, त्या काळी लहान बाळ म्हणजे आईचा जीव वाचण्याची शक्यता होती. सासूने सुनेला हात राखून वाढलं त्यामागे मायाही असायची. आज पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, शस्त्रक्रियेची सोय आहे, १०८ ची रुग्णवाहिका आहे. धोका बदलला. आज अडीच किलोच्या आत जन्मलेलं बाळ हाच मोठा धोका आहे. हे सासूला तिचा मान राखून, तिच्या जुन्या अनुभवाला नावं न ठेवता सांगावं लागतं. नुसतं सुनेला सांगून भागत नाही, कारण डाळीचा डबा सासूच्या ताब्यात असतो.

सरकारने यावर काय केलं? २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावागावांत पोचला. पण घरी नेण्यासाठी दिलेला कोरडा आहार घरी गेल्यावर सगळ्यांचा होतो. पाच तोंडांत वाटल्यावर गरोदर बाईच्या वाट्याला मूठभर उरतो. ही गोष्ट ध्यानात घेऊन महाराष्ट्राने २०१५ साली आदिवासी भागांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने बाईला अंगणवाडीत बसवून गरम, चौरस जेवण द्यायचं. त्यात भात किंवा भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की. योजनेचं मर्म ‘बसवून’ या एका शब्दात आहे. त्या अर्ध्या तासात ती कुणाला वाढत नाही, तिला वाढलं जातं. इतर गरोदर बायकांबरोबर ती बोलते, सेविकेच्या नजरेसमोर लोहाची गोळी घेते. घरच्या उतरंडीला इतका थेट हात घालणाऱ्या योजना थोड्या आहेत.

ही योजना तरी उशिरा सुरू होते का, हा प्रश्न मुंबईतल्या एका अभ्यासाने उभा केला आहे. २००६ पासून काही वर्षं मुंबईच्या वस्त्यांमधल्या बायकांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध यांपासून केलेला खाऊ दिला गेला. ‘सारस’ या नावाने हा प्रकल्प ओळखला जातो. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. सगळ्या बायका धरल्या तर बाळांच्या वजनात फरक नव्हता. ज्यांनी दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड होती. अगदी रोड बायकांमध्ये तेवढाही फायदा दिसला नाही. ४८ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. पण त्यातून मिळालेली दिशा मोठी आहे: बाईचं शरीर गरोदरपणाआधीच भरलेलं हवं. खाऊ घेणाऱ्या बायकांत गरोदरपणातला मधुमेहही बराच कमी आढळला. पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. सोळाव्या वर्षी लग्न होऊन सतराव्या वर्षी आई होणाऱ्या मुलीचं स्वतःचंच अंग अजून भरायचं असतं. तिच्या बाळाचं पोषण तिच्या दहाव्या-बाराव्या वर्षी सुरू व्हायला हवं होतं.

आता जन्माकडे. इथे आकडे एक विचित्र गोष्ट सांगतात. चौथ्या पाहणीपासून पाचव्यापर्यंत महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणं ९०.३ टक्क्यांवरून ९४.७ टक्क्यांवर गेली. मोठी कमाई. पण जन्मानंतर तासाभरात आईला लावलेल्या मुलांचं प्रमाण ५७.५ वरून ५३.२ टक्क्यांवर उतरलं. त्याच काळात शस्त्रक्रियेने होणारी बाळंतपणं २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर चढली. एकाचं कारण दुसऱ्यात पूर्णपणे आहे असं म्हणता येणार नाही, पण टाके घातलेली, गुंगीतली आई आणि शेजारच्या खोलीत पुसून-गुंडाळून ठेवलेलं बाळ हे दृश्य आता नेहमीचं आहे. पूर्वी घरी बाळंतपण व्हायचं तेव्हा चीक पिवळट आणि दाट म्हणून पिळून टाकत, बाळाला मधाचं किंवा गूळपाण्याचं बोट चाटवत. दवाखान्यांनी ती प्रथा मोडली आणि नकळत दुसरा उशीर आणला.

तो पहिला तास इतका मोलाचा का? जन्मल्यावर बाळ तासभर बऱ्यापैकी जागं असतं, चोखण्याची ओढ तीव्र असते. आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं तर ते सरकत सरकत स्तनापर्यंत पोचतं. चीक येतो चमचाभरच, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं, आणि त्या चमच्यात रोगांशी लढणारी द्रव्यं खच्चून भरलेली असतात. बाळ चोखतं म्हणून दूध वाढतं. चोखणं लांबलं की पान्हा लांबतो, मग घरचे घाबरतात, आणि कुणीतरी दुकानातून दुधाच्या पावडरचा डबा आणतं.

“दूधच येत नाही” ही तक्रार आशाताई आणि परिचारिका रोज ऐकतात. बहुतेक वेळा दूध असतं. बाळाला ते ओढता येत नसतं. आयआयटी मुंबईशी जोडलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी नेमकी हीच गोष्ट पकडली आणि पाजण्याची रीत टप्प्याटप्प्याने शिकवायला घेतली. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातून तिच्या चित्रफिती मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार झाल्या. ही रीत जवळून पाहण्यासारखी आहे. आई पाठ टेकवून ताठ बसते, खांदे सैल सोडते. उजव्या बाजूला पाजायचं तर बाळ डाव्या हातावर घेते. डाव्या हाताचा पंजा बाळाच्या मानेला आधार देतो, अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे. डोक्यावर दाब देत नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, नाक स्तनाग्राच्या समोर. उजव्या हाताने ती स्तन खालून धरते आणि बाळाच्या ओठाला नुसता स्पर्श करते. मग थांबते. बाळ जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडेपर्यंत थांबते. तोंड उघडताच बाळाला जवळ आणते. आधी हनुवटी रुतते. नुसतं टोक तोंडात गेलं तर बाळ चावत राहतं, आईला भेगा पडतात आणि दूध येत नाही. भोवतालचा काळसर भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात गेला की खालचा ओठ बाहेर वळतो, गाल फुगीर राहतात आणि थोड्या वेळाने घोट ऐकू येतो. घोट ऐकू आला की आईचा चेहरा बदलतो.

एक बाजू पूर्ण रिकामी होऊ देणंही तितकंच महत्त्वाचं. सुरुवातीचं दूध पातळ, तहान भागवणारं. मागून येणारं स्निग्ध. पाच मिनिटांत बाजू बदलली तर बाळ पाणीदार दुधावरच राहतं, वारंवार रडतं आणि वजन धरत नाही. पहिले काही दिवस सोडले तर अंगावर नीट पिणारं बाळ रोज २५-३० ग्रॅमने तरी वाढायला हवं. महिन्याला पाऊण किलोहून कमी वाढ दिसली तर डब्याकडे हात नेण्याआधी पकड तपासावी. इतकं साधं कौशल्य, आणि ते शिकवणारं माणूस बाळंतिणीच्या खाटेशी अनेकदा नसतं. वैद्यकीय शिक्षणात या हातोटीला फार थोडी जागा आहे, ही खरोखर खंत करण्याजोगी गोष्ट आहे.

डब्याचा इतिहासही माहीत हवा. बाटलीच्या दुधाच्या प्रचाराने गरीब देशांत मुलं मरतात हे डॉ. सिसिली विल्यम्स यांनी सिंगापूरच्या भाषणात १९३९ मध्येच ठणकावून सांगितलं होतं. जागतिक आरोग्य परिषदेने अशा विक्रीबाबतची संहिता १९८१ मध्ये स्वीकारली. भारताने १९९२ मध्ये कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला: दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या दूधपर्यायांची आणि बाटल्यांची जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र नाही. या लढाईत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्तनपानासाठी देशभर काम करणारं बीपीएनआय हे जाळं ३ डिसेंबर १९९१ ला वर्ध्यात स्थापन झालं. मुंबईच्या डॉ. आर. के. आनंद यांच्या ‘आकाश’ या ग्राहक संस्थेने कायदा मोडणाऱ्या कंपन्यांविरुद्ध तक्रारी लावून धरल्या. आणि २७ नोव्हेंबर १९८९ ला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उघडली. ज्या कमी दिवसांच्या बाळाची आई आजारी आहे किंवा उरलीच नाही, त्याला दुसऱ्या आईचं तपासून, निर्जंतुक केलेलं दूध मिळू लागलं. ज्यांना डबा लागतोच असं मानलं जातं, त्या अगदी नाजूक बाळांसाठीही वेगळी वाट निघू शकते, हे त्या पेढीने दाखवलं.

रोह्याच्या आडवाटेच्या वाडीत डबा आणखी घातक ठरतो. पावडर महाग, म्हणून ती पुरवून पुरवून, पातळ करून घातली जाते. पाणी ओहोळाचं किंवा डवऱ्याचं. बाटली उकळायला इंधन आणि वेळ नाही. चार जुलाबांत बाळाने कमावलेलं वजन उतरतं.

मदतीचं माणूस घरापर्यंत गेलं तर काय होतं, याचा धडा गडचिरोलीने जगाला दिला. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली: वजन करणं, ऊब देणं, अंगावर पाजायला मदत करणं, जंतुदोष ओळखून उपचार करणं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले, तिथल्या नवजात बालमृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. यातली तिसऱ्या दिवसाची भेट स्तनपानासाठी फार मोलाची, कारण पान्हा दाटतो, छाती दगडासारखी होते आणि बाळाला पकड मिळत नाही, ते याच सुमारास. ती भेट नुसती रकाना भरून उरकली गेली, तर पुढच्या पाच भेटींनी ती भरून निघत नाही. पण आशाताई असो की अंगणवाडी सेविका, ज्या बाईवर असा भार आहे तिच्याकडेही पाहावं लागेल. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका मानधन आणि निवृत्तिवेतनासाठी संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीपर्यंत चालला. गरम आहार शिजवणारी, वजन करणारी, नोंदी ठेवणारी ही बाई सरकारी हिशेबात अजून ‘मानसेवी’च आहे.

घरातलं जुनं शहाणपणही या कामात जोडीला घेता येतं. अळिवाचे लाडू, डिंक, खोबरं, नाचणीची पेज, बाळंतशेपा, बाळंतिणीला सव्वा महिना कामाला हात न लावू देण्याची रीत: हे सगळं टिकावं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर आणखी दोन भाकऱ्या, वाटीभर डाळ, एक अंडं आणि एक लाडू. सहा महिन्यांच्या आत बाळाला घुटी आणि पाणी देणं मात्र थांबायला हवं, वैशाखातही. अंगावरच्या दुधातलं पाणी त्याला पुरतं.

रायगड जिल्ह्यात स्तनपानाची गोष्ट निघाली की हिरकणीचं नाव येतंच. कोजागिरीला रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी ती गवळण कडा उतरून गेली, ही कथा इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. एसटी स्थानकांतल्या स्तनपानाच्या खोल्यांना ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात ते तिच्यावरूनच. नाव साजेसं आहे. पण त्या कथेत बाळ भुकेलं राहण्याचं कारण बंद दरवाजा हे होतं, याकडेही लक्ष जावं. आजचे बंद दरवाजे कामाच्या वेळेचे आहेत. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना आईला या काळात विश्रांती मिळणं राष्ट्राच्याच हिताचं आहे, असं मांडलं. पुढच्या वर्षी कायदा झाला. १९६१ चा केंद्रीय कायदा आणि २०१७ ची दुरुस्ती यांतून आज पगारी रजा २६ आठवड्यांची आहे, आणि कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी मिळण्याचा हक्क आहे. रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कायम नोकरीवर असलेल्या बाईला हे लागू पडतं. शेतावर, मिठागरावर, दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईच्या वाट्याला येते ती मातृवंदना योजना, पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये. सहा महिन्यांच्या मजुरीची भरपाई त्यातून होत नाही.

सगळ्यात अवघड परिस्थिती कातकरी बाईची. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी ही एक. लावणी सरली की हाताला काम नसतं, तेव्हा कुटुंब उचल घेतं आणि दिवाळीनंतर ती फेडायला वीटभट्टीवर जातं. तिथे मजुरी जोडीला मिळते, पाडलेल्या विटांच्या हजारावर. म्हणजे नवरा गारा करतो, बायको साचा मारते. तिने पाजायला अर्धा तास घेतला की दोघांचा हिशेब घसरतो. तान्हं बाळ झोळीत किंवा मोठ्या बहिणीच्या काखेत. ते रडलं की बहीण त्याला चहात बुडवलेलं बिस्कीट देते. सहा महिने संपले आणि उष्टावण झालं की खरं तर मऊ भात, घट्ट डाळ, तेलाचा थेंब, कुस्करलेलं अंडं, सुकटीची भुकटी असं दिवसातून तीन-चारदा लागतं. पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी निघाली ८.९ टक्के. भट्टीवर तो आहार शिजवणार कोण आणि केव्हा?

गावच्या अंगणवाडीत तिचं नाव असतं, पण ती असते शंभर किलोमीटरवर. भट्टीजवळच्या अंगणवाडीत ती असू शकते, पण तिथे तिचं नाव नसतं. ही फट बुजवण्यासाठी राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकीय यंत्रणा आणली आहे: जिथे कुटुंब पोचेल तिथल्या सेविकेला त्याची माहिती मिळावी, आहार आणि लसी तिथे चालू राहाव्यात. ती चालायची तर नोंद टेम्पो सुटण्याआधी व्हायला हवी. वाडीवरून कोण कोणत्या भट्टीवर जाणार हे सप्टेंबरमध्ये, उचल घेतली जाते तेव्हाच ठरतं. त्यांतली कोणती बाई गरोदर आहे, कुणाच्या अंगावर तान्हं आहे, कुणाचं बाळ नुकतं सहा महिन्यांचं झालं, हे निडीच्या आसपासच्या प्रत्येक वाडीतल्या सेविकेला आणि आशाताईला तोंडपाठ असतं. ती नावं दसऱ्यापर्यंत भट्टीच्या गावच्या सेविकेकडे फोनवर पोचवता येतात, माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या बोचक्यात आहे ना हे पाहता येतं, आणि भट्टीमालकाला, जोडीतल्या बाईच्या पाजण्याच्या वेळा धरून हजाराचा हिशेब कर, हे ग्रामसभेच्या ठरावाने सांगता येतं.